एका माजात बारा बीजांडं, हाती भ्रूण किती?

बकरी ईद जवळ आली की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आठवडी बाजारांत व्यापारी एकाच गोष्टीच्या शोधात असतात. वयाच्या मानानं भरलेला, तरतरीत, अंगावर चमक असलेला बोकड त्यांना हवा असतो. तो आधी उचलला जातो आणि त्याला भावही चांगला मिळतो. पेरणी तोंडावर असते, पोरांची फी भरायची असते, त्यामुळे बकरीवाला विकतो. त्यात त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. पण वर्षानुवर्षं हेच चाललं की कळपाची पैदास उलटी फिरते. झपाट्यानं वाढणारा नर खाटकाकडे जातो आणि विकला न गेलेला किरकोळ नर माद्यांवर सुटतो. पुढच्या पिढीचा बाप असा ठरतो.

आईच्या बाजूनं अडचण वेगळी आहे. बकरी साधारण पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, गाभण राहते. चांगलं सांभाळलं तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. एका वेताला एक, दोन, क्वचित तीन पिल्लं. एखादी बकरी खरोखर गुणी निघाली, दर वेताला जुळं देणारी, दोन्ही पिल्लांना पुरेल इतकं दूध असणारी, उन्हाळ्यातही अंग न टाकणारी, तरी आयुष्यभरात तिची दहा-बारा पिल्लं होणार. त्यातल्या निम्म्या पाटी. काही रोगराईत जाणार, काही विकल्या जाणार. त्या बकरीचे गुण गावात पसरायच्या आत तिचं वय होऊन जातं.

आणि याच बकरीच्या अंडाशयांत जन्मतःच हजारो अपक्व बीजांडं साठवलेली असतात. त्यांतली बहुतेक कधीच कामी येत नाहीत. दर माजाला काही बीजपुटकं वाढायला लागतात, एक-दोन पुढे जातात आणि बाकीची जिरून जातात. ही जिरणारी बीजपुटकं वाचवायची, त्यांच्यातली बीजांडं फळवायची, तयार झालेले भ्रूण धुऊन बाहेर काढायचे आणि साध्या बकऱ्यांच्या गर्भाशयात वाढवायचे, असं हे भ्रूण प्रत्यारोपणाचं तंत्र आहे. कागदावर ते सरळ दिसतं. प्रत्यक्षात बीजांडं वाढवणं जमतं आणि भ्रूण हाती लागत नाहीत. संप्रेरकांच्या उपचारांवर गेली कित्येक दशकं जे संशोधन चाललं आहे, त्यातलं बरंचसं या एका गळतीवर खर्च झालं आहे.

तंत्र तसं जुनं आहे. 1890 मध्ये इंग्लंडात वॉल्टर हीप यांनी एका सशिणीचे भ्रूण दुसऱ्या जातीच्या सशिणीत ठेवले आणि तिच्या पोटी परकी पिल्लं जन्माला आली. बकरी आणि मेंढीतले पहिले यशस्वी प्रयोग 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये झाले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकी बोअर जात भारतात आणली, ती गोठवलेल्या भ्रूणांच्या आणि वीर्याच्या रूपात. जिवंत जनावरं जहाजानं किंवा विमानानं आणायची गरज पडली नाही. परदेशी भ्रूण देशी बकऱ्यांच्या पोटात वाढले आणि बोअरची पिल्लं महाराष्ट्राच्या मातीत जन्मली.

वऱ्हाडात हा विषय महत्त्वाचा ठरतो तो बेरारी बकरीमुळे. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातली ही मध्यम बांध्याची, तांबूस अंगाची, पाठीच्या कण्यावरून काळा पट्टा गेलेली बकरी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि धुऱ्यावरचं गवत यांवर ती निभावते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही चरायला जाते. उस्मानाबादी जातीवर फलटणला आणि संगमनेरीवर राहुरीच्या कृषी विद्यापीठात अनेक वर्षं निवड-पैदाशीचं काम झालं. बेरारीचं नाव मात्र विदर्भाबाहेर फारसं कुणी घेत नाही. विदर्भातही अनुदानावर नवा फार्म टाकणारा तरुण आधी सिरोही, बीटल किंवा बोअरची चौकशी करतो. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाख शेळ्या-बकऱ्या मोजल्या गेल्या. त्यांत शुद्ध जातीच्या किती आणि सरमिसळ किती, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावकळपाकडे पाहिलं की कळतं. अस्सल, गुणी बेरारी माद्या आता निवडून शोधाव्या लागतात आणि सापडल्या तर त्यांची संख्या लवकर वाढवावी लागते.

या कामासाठी लागणारं ज्ञान जवळच आहे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. अमरावतीजवळ पोहऱ्याला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. शिकलेली माणसं, शस्त्रक्रियेची सोय आणि कळप, या तिन्ही गोष्टी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत.

आता बकरीच्या अंगात काय घडतं ते पाहू. तिचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं. माज 24 ते 48 तास टिकतो आणि बीजांड सुटतं ते माज संपता संपता. बीजांड जिथून सुटतं तिथं पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पाझरू लागतो. प्रोजेस्टेरॉन अंगात आहे तोवर बकरी पुन्हा माजावर येत नाही, गर्भाशय शांत राहतं आणि भ्रूण आला तर तो तिथं रुजतो. बकरी फळली नसेल तर पंधरा-सोळा दिवसांनी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि चार-पाच दिवसांत बकरी उलटते. सगळे उपचार या प्रोजेस्टेरॉन आणि प्रोस्टाग्लँडिनच्या चढउताराशी जुळवून घ्यावे लागतात.

पहिलं काम म्हणजे चक्र आपल्या ताब्यात घेणं. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखं औषध भिजवलेला लहानसा स्पंज योनिमार्गात ठेवतात. त्याची दोरी बाहेर लोंबती ठेवतात. स्पंज आत असेपर्यंत बकरीच्या शरीराला पीतपिंड जिवंत आहे असंच वाटतं. काही दिवसांनी दोरी ओढून स्पंज काढला आणि जोडीला प्रोस्टाग्लँडिनची सुई दिली की प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं. दीड-दोन दिवसांत सगळ्या बकऱ्या एकत्र माजावर येतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं असे देशी बनावटीचे स्पंज ‘अविकेसिल-एस’ या नावानं तयार केले आहेत. पूर्वी स्पंज सतरा-अठरा दिवस ठेवत. आता बरेच जण नऊ ते अकरा दिवसांवर आले आहेत, कारण फार दिवस ठेवलेल्या स्पंजामुळे जुनी बीजपुटकं ताटकळत राहतात आणि त्यांतल्या बीजांडांचा कस उतरतो.

दुसरं काम बीजांडांची संख्या वाढवण्याचं. इथं दोन औषधं पुढे येतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच बीजपुटकांना वाढवतं. उपचारासाठीचं एफएसएच बहुधा डुकरांच्या पिट्यूटरी ग्रंथींपासून काढलेलं असतं. दुसरं औषध म्हणजे गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं पीएमएसजी. 1930 साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांनी ते शोधलं. ते एफएसएचसारखंच काम करतं आणि थोडं एलएच या बीजांड सोडवणाऱ्या संप्रेरकासारखंही.

पीएमएसजीचा मोह पडतो, कारण ते स्वस्त पडतं आणि एका सुईत काम भागतं. पण ते बकरीच्या रक्तात कित्येक दिवस टिकून राहतं. एफएसएच काही तासांत निघून जातं, म्हणून ते बारा-बारा तासांनी सहा ते आठ सुयांत, मात्रा हळूहळू उतरवत द्यावं लागतं. स्पंज काढण्याच्या दोन दिवस आधी सुया सुरू होतात. पऱ्हाटीला ठिबकनं पाणी देणं आणि पाटानं पाणी मोकळं सोडणं यात जो फरक आहे, तोच या दोन औषधांत आहे. पाटाचं पाणी जमीन पिते आणि पुढे चार दिवस वावरात साचूनही राहतं. पीएमएसजीचं साचणं बकरीला नडतं. बीजांडं सुटून गेल्यावरही औषध अंगात असतं आणि नवी बीजपुटकं फुगवत राहतं. ती फुटत नाहीत, मोठी होतात आणि इस्ट्रोजेन ओतत राहतात. शिवाय घोडीच्या या प्रथिनाविरुद्ध बकरीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. त्यामुळे त्याच बकरीवर हे औषध पुन्हा वापरलं की दर खेपेला ते कमी लागू पडतं.

गाभण घोड्यांचं रक्त वारंवार काढून हे औषध बनतं. दक्षिण अमेरिकेतल्या आणि आइसलँडमधल्या अशा घोडीपालनावर प्राणिप्रेमी संघटनांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. त्या आक्षेपांत तथ्य आहे असं माझं मत आहे. पर्याय उपलब्ध असताना भ्रूणासाठी एफएसएच वापरणं हे विज्ञानाच्या दृष्टीनंही बरोबर आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनंही.

आता त्या गळतीकडे येऊ. समजा एफएसएच चांगलं लागू पडलं आणि दोन्ही अंडाशयांवर मिळून बारा पीतपिंड दिसताहेत, म्हणजे बारा बीजांडं सुटली. मग बारा भ्रूण मिळायला हवेत. प्रत्यक्षात सात मिळाले तरी चमूला आनंद होतो. कधी तीन मिळतात आणि कधी एकही नाही. बाकीचे कुठे जातात?

काही बीजांडं फळतच नाहीत. एरवी बकरीला एक-दोन बीजांडांसाठी पुरेसे शुक्रजंतू वर पोहोचतात. पण बारा बीजपुटकांनी मिळून सोडलेलं इस्ट्रोजेन एवढं असतं की गर्भाशयाच्या आणि बीजवाहिनीच्या हालचालीच बदलतात आणि शुक्रजंतूंचा रस्ता अवघड होतो. यावर उपाय म्हणजे बोकड एकदाच न दाखवता बारा-बारा तासांनी माज संपेपर्यंत दाखवणं, किंवा दुर्बिणीच्या साह्यानं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं.

काही बीजांडं वेळेवर सुटत नाहीत. बारा बीजपुटकं एकाच वयाची नसतात. कुणी आधी पिकतं, कुणी दीड दिवस मागे राहतं. मागाहून सुटलेल्या बीजांडाला ताजे शुक्रजंतू मिळत नाहीत. इथं जीएनआरएच कामी येतं. दहा अमिनो आम्लांची ही छोटी साखळी मेंदूतून पिट्यूटरीला हुकूम देते. 1971 च्या सुमारास अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळांनी चुरशीनं तिची रचना उलगडली आणि 1977 चं नोबेल त्यांच्याकडे गेलं. स्पंज काढल्यानंतर एक-दीड दिवसानं जीएनआरएचची सुई दिली की पिट्यूटरी एलएचचा एकच मोठा लोट सोडते. पिकलेली बीजपुटकं थोड्या तासांच्या अंतरानं एकत्र फुटतात आणि फुटायच्या राहिलेल्यांपैकी काहींचं पीतपिंडासारख्या ऊतकात रूपांतर होऊन त्यांचं इस्ट्रोजेन थांबतं. पण सुई लवकर दिली तर कच्ची बीजांडं सुटतात आणि उशिरा दिली तर तिचा काही उपयोग होत नाही. दर सहा तासांनी बोकड फिरवून माजाची वेळ टिपणारा माणूस कोठ्यात नसेल, तर महागडं औषध देऊन फायदा नाही.

सर्वांत मोठं नुकसान मात्र पुढच्या चार-पाच दिवसांत होतं आणि बकऱ्यांमध्ये ते फार आढळतं. पीतपिंड अकाली विरतात. न फुटलेल्या बीजपुटकांच्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाला वाटतं की चक्र संपत आलं, आणि ते पंधराव्या दिवसाऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच प्रोस्टाग्लँडिन सोडतं. प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि शांत राहायला हवं असलेलं गर्भाशय आकुंचन पावू लागतं. भ्रूण चौथ्या-पाचव्या दिवशी बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतात, नेमके याच वेळी. काही बाहेर फेकले जातात, काही वाढ खुंटून मरतात. सातव्या दिवशी पोट उघडून पाहिलं तर अंडाशयांवर फिकट पडलेले, आक्रसलेले पीतपिंड असतात आणि धुतलेल्या पाण्यात काहीच नसतं. बीजांडं सुटली होती हे कळतं आणि भ्रूण हाती आले नाहीत हेही कळतं.

यावरचे उपाय बारकाईचे आहेत आणि भ्रूण मिळण्याचं प्रमाण त्यांनीच सुधारलं. एक उपाय म्हणजे माजानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनचं साधन पुन्हा योनिमार्गात बसवायचं आणि भ्रूण काढेपर्यंत ठेवायचं. पीतपिंड विरले तरी प्रोजेस्टेरॉन बाहेरून मिळत राहतं. दुसरा उपाय प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ न देण्याचा. जनावरांच्या ताप-सूजेवर पशुवैद्यक नेहमी वापरतात ते फ्लुनिक्सिन मेग्लुमिन हे औषध त्या मधल्या दिवसांत दिलं की पीतपिंड टिकतात. तिसरा उपाय मुळावरचा, म्हणजे पीएमएसजी टाळायचं आणि न फुटलेली बीजपुटकं कमीत कमी राहतील अशी एफएसएचची आखणी करायची.

या आखणीत आणखी एक खाचखळगा आहे. अंडाशयावर एक मोठं बीजपुटक आधीच तयार असेल तर ते बाकीच्यांना वाढू देत नाही. अशा वेळी एफएसएच सुरू केलं तर प्रतिसाद कमी मिळतो. म्हणून उरुग्वेतल्या संशोधकांनी एक वेगळा मार्ग सुचवला. आधी माज जुळवून घ्यायचा, बीजांड सुटू द्यायचं आणि ते सुटल्याबरोबर, म्हणजे नव्या लाटेतली सगळी बीजपुटकं बारकी असताना, एफएसएच सुरू करायचं. याला ‘शून्य दिवस’ पद्धत म्हणतात. सोनोग्राफी हाताशी असेल तर अंडाशय पाहूनच सुरुवात करता येते.

इतकं करूनही दर कार्यक्रमात काही बकऱ्या प्रतिसादच देत नाहीत, आणि एखादी वीस-वीस बीजांडं सोडते. हा फरक औषधाचा नसून त्या त्या बकरीचा असतो. वऱ्हाडात ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा चढलेला असताना पहिल्या आठवड्यातला भ्रूण उष्णतेनं मरू शकतो, कारण त्या वयात त्याला स्वतःला सावरायची यंत्रणा नसते. त्यामुळे असे कार्यक्रम पावसाळ्यानंतर, चारा मुबलक असताना आणि बकऱ्यांचं अंग भरलेलं असताना घ्यावेत. जंतनाशक आणि पीपीआरची लस आधीच झालेली हवी. रोडावलेल्या बकरीला कितीही एफएसएच दिलं तरी ती दाता, म्हणजे भ्रूण देणारी बकरी, होत नाही.

भ्रूण काढण्याच्या दिवशी काय होतं ते जरा जवळून पाहू. माज लागून सहा-सात दिवस झालेले असतात. दाता बकरीला आदल्या दिवसापासून चारा बंद असतो, नाहीतर भूल दिल्यावर पोटातलं घशाशी येतं. तिला उताण्या चौकटीवर, डोकं खाली राहील असं बांधतात. कासेच्या पुढे, मधल्या रेषेवर छोटा छेद देतात आणि गर्भाशयाची दोन्ही शिंगं अलगद बाहेर घेतात. आधी अंडाशय पाहतात. ताजे पीतपिंड लालसर उठून दिसतात, ते मोजून वहीत लिहितात. मग एका शिंगात बारीक नळी घालून शरीराच्या तापमानाइतकं कोमट केलेलं क्षारद्रावण हळूच सोडतात आणि ते एका काचेच्या बशीत परत घेतात. दुसऱ्या शिंगाचंही तसंच. हात हळुवार नसेल, कोरडा कापूस लागला किंवा रक्त सांडलं, तर गर्भाशय आणि अंडाशय यांच्यात चिकटपट्टे तयार होतात आणि पुढच्या खेपेला त्या बकरीकडून काही मिळत नाही. त्यामुळे एका बकरीवर अशा शस्त्रक्रिया दोन-तीनदाच शक्य होतात.

बशी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. भ्रूणाचा व्यास मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा. श्लेष्म्याच्या धाग्यांत, पेशींच्या कचऱ्यात तो गोल, पारदर्शक कवच असलेला ठिपका शोधायचा. रेघ आखलेली बशी ओळीनं सरकवत नेतात, एक ओळही सुटता कामा नये. सापडला की त्याची पारख होते. पेशी घट्ट एकत्र आल्या आहेत का, मधली पोकळी धरू लागली आहे का, कवच अखंड आहे का. न फळलेलं बीजांडही तसंच गोल दिसतं, नवख्या डोळ्याला ते फसवतं. चांगला भ्रूण धुऊन ताज्या द्रावणात ठेवतात आणि त्याच दिवशी ग्राही, म्हणजे तो पोटात वाढवणाऱ्या, बकरीत सोडतात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. ग्राही बकरीचा माज दात्याच्या माजाशी एका दिवसाच्या फरकानं जुळलेला असावा लागतो. म्हणजे स्पंज आणि सुया तिलाही द्याव्याच लागतात. दाता बकरीला शेवटी प्रोस्टाग्लँडिन देतात. एखादे-दोन भ्रूण आत राहिलेच तर ते वाढू नयेत आणि ती लवकर पुन्हा माजावर यावी, यासाठी.

पोट न उघडता भ्रूण काढता आले तर एक गुणी बकरी अनेकदा वापरता येईल. बकरीच्या गर्भाशयाचं तोंड अरुंद आणि आतून वळ्यावळ्यांचं असतं, त्यामुळे गायीसारखी नळी सहज जात नाही. इथंही संप्रेरकच मदतीला घेतलं जातं. भ्रूण काढण्याच्या काही तास आधी प्रोस्टाग्लँडिन दिलं की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि ते तोंड सैल होतं. काही पद्धतींत जोडीला ऑक्सिटोसिन देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे प्रोस्टाग्लँडिन भ्रूण घालवतं, तेच सातव्या दिवशी योग्य तासाला दिलं तर भ्रूण मिळवून देतं. ब्राझीलमध्ये या पद्धतीवर बरंच काम झालं आहे. आपल्या लहान अंगाच्या देशी बकऱ्यांत हे कठीण आहे, तरी पुढची दिशा हीच असावी असं मला वाटतं.

मग हे सगळं गावातल्या बकरीवाल्याच्या दारात न्यायचं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. औषध महाग आहे, थंडाव्यात ठेवावं लागतं, बारा तासांनी वेळ पाळावी लागते आणि शेवटी शस्त्रक्रिया आहे. हे काम संस्थेच्या कळपात, मोजक्या निवडक बेरारी माद्यांवर व्हावं. तिथून तयार होणारे बोकड आणि त्यांचं वीर्य गावांत यावं. बापाच्या बाजूनं सुधारणा स्वस्तात होते, एका बोकडाचं गोठवलेलं वीर्य शेकडो बकऱ्यांना पुरतं. भ्रूण प्रत्यारोपण हवं ते या बोकडांच्या आया वाढवण्यासाठी. बकरीवाल्याच्या थेट उपयोगाचं आहे ते याच शास्त्राचं सोपं टोक, म्हणजे स्पंज, माज जुळवणं आणि कृत्रिम रेतन. पन्नास बकऱ्यांचा कळप एका आठवड्यात व्यायला तर पिल्लांची निगा, लसीकरण आणि पुढे ईदच्या बाजाराचं नियोजन, सगळं सोपं होतं.

दोन गोष्टींपासून मात्र सावध राहायला हवं. बकरीला तिळं-चौळं व्हावं म्हणून कुणी पीएमएसजीची सुई देतो म्हणाला तर नको म्हणा. माज जुळवताना पशुवैद्यक ते दोनशे ते चारशे युनिट इतकंच देतात. भ्रूणासाठी त्याच्या कितीतरी पट मात्रा दिली जाते आणि तिथं भ्रूण आठवड्यात बाहेर काढले जातात. तेवढी मात्रा देऊन बकरी तशीच गाभण ठेवली तर चार पिल्लांचं ओझं तिला पेलत नाही, पिल्लं अशक्त जन्मतात आणि दोन सडांवर चार पोरं वाढत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. प्रोस्टाग्लँडिन माणसाच्या कातडीतून शोषलं जातं. गरोदर बाईच्या हातावर ते सांडलं तर गर्भपात होऊ शकतो, दम्याच्या माणसाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. वऱ्हाडात बकऱ्या धरायचं काम घरातल्या बायाच करतात. अशी सुई देताना गरोदर बाईनं आणि दमेकऱ्यानं बकरी धरू नये, औषध भरणाऱ्यानं हातमोजे घालावेत आणि रिकामी कुपी अंगणात टाकू नये. हे प्रत्येक पशुवैद्यकानं तोंडानं सांगायला हवं, आणि सांगितलं नाही तर आपण विचारायला हवं.

संप्रेरकं संख्या वाढवतात, गुण निवडत नाहीत. सामान्य बकरी दाता म्हणून घेतली तर सामान्य पिल्लांचाच ढीग होईल आणि सगळा खर्च वाया जाईल. संस्थेला चांगल्या बेरारी माद्या हव्या असतील तर त्या गावांतूनच मिळणार, आणि कोणती बकरी चांगली हे फक्त नोंदीवरून कळणार. म्हणून वऱ्हाडातल्या बकरीवाल्यांना एवढीच विनंती आहे. शाळेची एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक बकरीला एक पान द्या. ती कधी व्यायली, किती पिल्लं झाली, किती जगली आणि तीन महिन्यांचं पिल्लू काट्यावर किती भरलं, एवढं लिहा. आणि येत्या ईदला कळपातला सर्वांत जोमदार बोकड विकू नका, पैदाशीला राखा.